कुठल्या तोंडाने परत जाऊ?

"ताई, मी बेचाळीस वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतो. मागच्या वर्षी एका केंद्रात राहून दारू सोडली. सात महिने थेंब घेतला नाही. केंद्राच्या पाठपुरावा गटात टाळ्या वाजवून माझा सत्कार झाला. मग मे महिन्यात भावकीतल्या एका लग्नात, वरातीच्या वेळी, एक पेग घेतला. तेव्हापासून रोज रात्री क्वार्टर, कधी दीड. सकाळी हात थरथरतात. डॉक्टर म्हणतात, एखाद्या स्वमदत गटात जा. जुन्या गटात आता कुठल्या तोंडाने जाऊ? शेजारच्या गावात ए.ए.ची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाची, मीटिंग होते असं कळलं म्हणून गेलो, पण दारातूनच परत आलो. आत प्रार्थना चालली होती. मी कॉलेजपासून अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, देव मानत नाही. शिवाय तिथे एखादा खातेदार भेटला तर? इकडे बायकोने जाहिरात बघून जेवणात मिसळायची पावडर मागवली आहे. तिनेच मला रडत रडत सांगितलं. मला गट हवा आहे. कुठला आणि कसा शोधू?"
– एक वाचक, सातारा जिल्हा

नमस्कार.

गटाबद्दल मला पुष्कळ लिहायचं आहे, पण आधी तुमच्या थरथरणाऱ्या हातांबद्दल.

रोज पिणाऱ्या माणसाचे सकाळी हात थरथरायला लागले, की समजायचं, शरीराला दारूची सवय पुन्हा जडली आहे आणि दारू उतरली की शरीर ती मागतंय. अशा अवस्थेत "उद्यापासून बंद" अशी शपथ घेऊन घरात पडून राहू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ताप चढतो, घरची माणसं ओळखू येत नाहीत. यात माणूस दगावतोसुद्धा. औषधांनी हे टाळता येतं. ती मानसोपचारतज्ज्ञांकडून घ्यावीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा, किंवा तुमच्या आधीच्या केंद्राच्या डॉक्टरांना फोन करा. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते सांगायला विसरू नका. आणखी एक. अशक्तपणा वाटतो म्हणून गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावून घेणारे खूप आहेत. ती लावायची वेळ आलीच तर "मी रोज पितो" हे डॉक्टरांना आधी सांगा. पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी झालेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पावडर घरात ठेवू नका. 'त्यांना न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींवर विश्वास ठेवून किती बायका पैसे घालवतात, आणि किती मोठा धोका पत्करतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुडीत काय आहे हेच कळायला मार्ग नसतो. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जीव जातो. म्हणूनच ते रुग्णाला सगळं समजावून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच देतात. जेवणातून लपवून कधीच नाही. तुमच्या पत्नीने ते तुम्हाला सांगून टाकलं, याबद्दल तिचे आभार माना. ती रागावण्यासारखी वागलेली नाही, ती घाबरलेली आहे.

आता गट.

माझं मत सरळ आहे. संध्याकाळी सात वाजता, वाइन शॉपकडे पाय वळायच्या वेळी, तुमचा फोन उचलणारा आणि स्वतः कधीकाळी पिणारा असा एक तरी माणूस जिथे मिळेल, तो तुमचा गट. त्याचं नाव काय, तिथे प्रार्थना होते का, भिंतीवर कुणाचे फोटो आहेत, हे सगळं त्याच्यानंतर.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. तिची सुरुवातच अशा फोनने झाली. १९३५ चा मे महिना. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरलेला एक माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी आला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा होता, आणि जवळच्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. आपण आता पिणार, हे त्याला कळून चुकलं. तेव्हा त्याने लॉबीतल्या टेलिफोनवरून गावातल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. विचारणं एकच होतं: या गावात दारूपायी गांजलेलं कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचं आहे. शेवटी एका बाईंनी त्याची गाठ तिथल्या एका सर्जनशी घालून दिली. सर्जनसाहेब फक्त पंधरा मिनिटं देणार होते. दोघं कित्येक तास बोलत बसले. त्या सर्जनने १० जून १९३५ नंतर दारू घेतली नाही, आणि तोच दिवस ए.ए. आपला स्थापना दिवस मानते. बिल डब्ल्यू. आणि डॉ. बॉब या नावांनी ही दोन माणसं ओळखली जातात.

या हकीकतीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी बिलला स्वतःला वाचायचं होतं, आणि त्यासाठी त्याला दुसरा पिणारा माणूस हवा होता. अजून पीत असलेला, हात थरथरणारा. तुम्ही आज तो माणूस आहात. तुम्हाला वाटतं की घसरून गटात गेलो तर आपण ओझं होऊ. पण तिथे दहा दहा वर्षं न प्यालेली जी माणसं दर आठवड्याला येतात, ती कशासाठी येतात? सगळं सुरळीत चाललेलं असताना जुने दिवस विसरायला होतात, "आता एखादा पेग चालेल" असं वाटू लागतं. तुमच्यासारखा कुणी समोर बसून बोलला, की त्यांचा तो दिवस निभावतो. तेव्हा त्याच तोंडाने जा. ए.ए.मध्ये यायला एकच अट आहे, दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असली पाहिजे अशी अट नाही. पाठपुरावा गटातही पहिल्या वर्षात घसरलेले तुम्ही एकटे असणार नाही. या आजारात ते फार नेहमीचं आहे.

जाताना भाषण तयार करू नका. "मे महिन्यात लग्नात घेतली. तेव्हापासून रोज घेतोय. मला थांबायचं आहे." एवढं बोलून खाली बसलात तरी चालेल. आणि ते सात महिने तुमचेच आहेत. संध्याकाळ कशी काढायची, पगाराच्या दिवशी काय करायचं, हे तुम्ही त्या महिन्यांत शिकलात. ते शिकलेलं कुठे जात नाही.

सत्काराबद्दल मला स्पष्ट सांगायचं आहे. महिने मोजावेत, टाळ्या वाजवाव्यात, माणसाला त्याने बळ येतं. पण ज्या गटात सत्काराला जागा आहे आणि घसरलेल्याने उभं राहून तसं सांगायला नाही, तो गट अपुरा आहे. हारतुरे जितके मोठे, तितकी नंतरची शरम मोठी, आणि शरम माणसाला थेट परमिट रूमकडे नेते. तुमच्या जुन्या गटात असं वातावरण असेल तर दुसरा गट बघा. मात्र हे तिथे एकदा परत जाऊन, स्वतः बघून ठरवा, घरी बसून नको.

तुम्ही विवेकवादी आहात, तेव्हा याला पुरावा काय, हे विचारणारच. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने ए.ए. आणि ए.ए.कडे माणसाला जोडून देणाऱ्या उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. २७ अभ्यास, त्यांत १० हजारांहून अधिक माणसं. दारूपासून सलग पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत, ती ठरावीक रीतीने राबवली तेव्हा, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरली. याचा अर्थ ती प्रत्येकाला लागू पडते असा नाही. पण हे नुसतं भजन-कीर्तन आहे, असंही म्हणता येणार नाही.

देवाचं म्हणाल तर ए.ए.चा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे, त्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, हे खरं. त्यासोबत 'आम्हाला जसा उमगला तसा' हे शब्दही आहेत. ते घालायला लावण्याचं श्रेय सुरुवातीच्या काळातल्या एका पक्क्या नास्तिक सभासदाला दिलं जातं. १९७५ मध्ये शिकागोत नास्तिक आणि अज्ञेयवादी सभासदांनी स्वतःचा ए.ए. गट काढला. कित्येकजण 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' म्हणजे समोर बसलेला गट असंच धरून चालतात आणि वर्षानुवर्षं न पिता राहतात. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही गप्प उभे राहिलात तरी कुणी आक्षेप घ्यायचं कारण नाही. घेतलाच, तर गट बदला. तुमच्या तत्त्वाला मी कमी लेखत नाही. पण प्रार्थना दोन मिनिटांची असते, आणि उरलेला तासभर माणसं आपापलं आयुष्य सांगत असतात. दारातून परत फिरलात तेव्हा तुमचा तो तासभर गेला.

तरीही ए.ए. नकोच वाटली, तर तुमच्याच जिल्ह्यात दुसरं दार आहे. साताऱ्यातलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं आहे. तुम्ही ज्या चळवळीत वाढलात, तिचेच ते. नास्तिक म्हणून तिथे तुम्हाला काहीच समजावून सांगावं लागणार नाही. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर ते उभं केलं. त्यांचे पाठपुरावा गट राज्यात अनेक ठिकाणी भरतात. तुम्हाला सर्वांत जवळचा कुठला, हे तिथे फोन करून विचारा. मुंबईकडचे वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं 'कृपा फाउंडेशन' आहे.

फोन नंबर हवे असतील तर हे दोन लिहून ठेवा. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. १४४१६ ही टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठी, तिथे मराठीत बोलता येतं. ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांची माहिती मिळते, हेल्पलाइनही आहे. फोन करताना "मीटिंग कुठे आहे" एवढ्यावर थांबू नका. "त्या गटातल्या कुणाशी मला आधी बोलता येईल का?" असं विचारा. दारात कुणी ओळखीचा उभा असला की आत जाणं सोपं होतं. तुमच्यासारखे दारातून परत फिरणारे खूप असतात, आणि त्यांच्यासाठी बाहेर येऊन थांबायला जुने सभासद आनंदाने तयार असतात.

आता खातेदार भेटण्याची भीती. ती खरी आहे. लहान गावात पतसंस्थेचा माणूस सगळ्यांना माहीत असतो. ए.ए.मध्ये नाव-पत्ता नोंदवून घेत नाहीत, आडनाव सांगावं लागत नाही, आणि इथलं बोलणं इथेच ठेवायचं हा नियम माणसं मनापासून पाळतात. मात्र हा परस्परांवरचा विश्वास आहे. डॉक्टरवर गोपनीयतेचं जसं कायद्याने बंधन असतं, तसं इथे नाही, हे माहीत असू द्या. म्हणून पहिले काही आठवडे पैशांच्या व्यवहाराचं, नोकरीतल्या भानगडींचं काही बोलू नका. दारूबद्दल बोला, तेवढं पुरेसं आहे. हवं तर दोन गावं सोडून पलीकडच्या मीटिंगला जा. खातेदार भेटलाच, तर तोही त्याच कामासाठी आलेला असेल. आणि खरं सांगू? दोन महिने रोज रात्री क्वार्टर घेणारा माणूस गावाला आधीच माहीत झालेला असतो. लपून राहिलेलं असेल तर ते तुमचं सोडण्यासाठी धडपडणं.

प्रवास रोजचा जमणार नाही, तेव्हा अधल्यामधल्या दिवसांसाठी ऑनलाइन मीटिंगा आहेत. २०२० च्या टाळेबंदीपासून त्या पुष्कळ वाढल्या. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसता येतं. मराठी मीटिंगची वेळ हेल्पलाइनवर विचारा. फक्त सगळं ऑनलाइनवर भागवू नका. मीटिंग सुटल्यावर बाहेर टपरीवर चहा होतो, तिथे नंबर दिले-घेतले जातात, कुणीतरी म्हणतं, "उद्या सातला मी फोन करतो." गटाचं बरंचसं काम त्या टपरीवर होतं असं माझं मत आहे. लाजाळू माणसं मीटिंग संपली की लगेच एसटी गाठतात आणि मग महिन्याभराने म्हणतात, गटाचा उपयोग होत नाही.

एकाच गटाला एकाच भेटीत नापास करू नका. चार-पाचदा जाऊन मग ठरवा. पण काही गोष्टी दिसल्या तर मात्र तिथे थांबायचं नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं, तर तिथून उठा. ए.ए.सुद्धा आपल्या सभासदांना दुसऱ्याच्या औषधोपचारात पडू नका असंच सांगते. प्रवेश फी मागितली, तर ती ए.ए. नव्हे. तिथे शेवटी फिरवतात त्या पिशवीत ज्याने त्याने स्वखुशीने काही टाकायचं, नाही टाकलं तरी चालतं. एकच माणूस गुरू होऊन बसला असेल आणि बाकीचे नुसते ऐकत असतील, तर तो तुमच्या कामाचा गट नाही. आणि तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून खास: गटातल्या कुणी कर्जाला शिफारस मागितली किंवा उसने पैसे मागितले, तर पहिल्याच वेळी नाही म्हणा. पैशांमुळे बिघडलेले गट मी पाहिले आहेत.

आजूबाजूला खरंच काही नसेल तर? एम्सने देशभर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. म्हणजे तुमच्या तालुक्यात गट शोधणारे तुम्ही एकटे नाही, ते तुम्हाला दिसत नाहीत इतकंच. केंद्रात तुमच्यासोबत जवळपासच्या गावचा कुणी होता का, आठवून बघा. दोघांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटायचं. शाळेची खोली, ग्रंथालय, कुणाची गच्ची, काहीही चालेल. अ‍ॅक्रनलाही दोघंच होते. पण हे तुम्ही औषधोपचार घेऊन थोडे स्थिरावल्यावर. आज नको.

गटारी तोंडावर आली आहे, म्हणून तिचंही आत्ताच ठरवा. मग गणपती, जत्रा, लग्नसराई, ३१ डिसेंबर, आणि निवडणूक लागली की फुकटची पार्टी. आपल्याकडे वर्षभर निमित्तं असतात. गटात जाऊन याच एका गोष्टीवर बोला: त्या रात्री कोण कुठे असणार? कित्येक ठिकाणी अशा दिवशी मुद्दाम जादा मीटिंग ठेवतात, माणसं एकत्र जेवतात. आपल्याकडे माळ घातलेल्या माणसाला कुणी ग्लास पुढे करत नाही, नाही म्हणायचं कारण त्याच्या गळ्यातच असतं. तुम्ही माळ घालणार नाही, तेव्हा तुमचं कारण तुम्हाला आधीच तयार ठेवायला हवं. "डॉक्टरांनी औषध चालू केलंय, दारू चालत नाही" हे खरंही असेल आणि भावकीला पुरेसंही. पुढच्या वरातीला गटातला एक मित्र सोबत न्या, नाहीतर जेवण करून वरातीआधी निघा. भाऊबंद चार दिवस रुसतील.

शेवटी तुमच्या पत्नीबद्दल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत अल-अ‍ॅनॉन सुरू झाली, बिलच्या पत्नीच्या पुढाकाराने. तिचे गट भारतातही आहेत. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवायची हे शिकवत नाहीत. तो पीत असो वा त्याने सोडलेली असो, आपण आपलं आयुष्य कसं उभं ठेवायचं, यावर त्या बोलतात. तुम्ही तिच्यावर सक्ती करू नका, नंबर देऊन ठेवा, तुमच्या मीटिंगची वेळ तिला सांगा. तुमच्या गटातली माणसं तिला एकदा भेटली, तर तुम्ही कुठे जाता ही धास्ती तरी जाईल.

या आठवड्यात एवढंच करा. आधी डॉक्टर, आणि त्यांच्याकडे तिलाही न्या, म्हणजे पावडरीचं तीच विचारेल. मग जुन्या गटातल्या ज्या माणसाशी तुमचं सर्वांत जास्त जमत होतं, त्याला फोन. मीटिंगच्या दिवसाची वाट बघू नका, हे वाचून झाल्यावर लावा. त्याने उचलला नाही तर दुसऱ्याला लावा.

– तुमची ताई